दोन तारा, एक सॅक्सोफोन आणि मॉर्फिन

रॉक बँड म्हटले की डोळ्यांसमोर आधी गिटार येते. गायक बदलतात, ड्रम्स वाजवणारे बदलतात, बास वाजवणाऱ्याचे तर पुष्कळांना नावही ठाऊक नसते; गिटार मात्र जागेवर असते आणि गाण्याची ओळख बहुतेक वेळा तिच्यावरूनच पटते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिज शहरात १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या मॉर्फिन या बँडने नेमकी हीच गिटार बाजूला ठेवली. मग उरल्या त्या चार गोष्टी: दोन तारांची बास (खर्जाचे स्वर देणारे तंतुवाद्य), खालच्या स्वरांचा बॅरिटोन सॅक्सोफोन, ड्रम्स आणि गायकाचा खालच्या पट्टीतला, जराही घाई नसलेला आवाज. तीन माणसांच्या या बँडचे संगीत मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते.

मॉर्फिनविषयी जे थोडेफार लिहिले जाते, त्यात ‘गिटार नसलेला बँड’ हे वैशिष्ट्य एखाद्या नवलाच्या वस्तूसारखे सांगितले जाते आणि विषय तिथेच संपतो. मला हे अपुरे वाटते. गिटार काढून टाकणे कोणालाही जमेल. ती काढल्यावर जी पोकळी राहते तिचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जण ती पोकळी ऑर्गनने, कीबोर्डने, नाहीतर आणखी चार वाद्ये आणून भरतील. मॉर्फिनने ती भरली नाही. त्यांनी ती मोकळीच ठेवली आणि त्या मोकळेपणालाच गाण्याच्या रचनेत स्थान दिले. त्यांच्या संगीतातील जवळजवळ प्रत्येक निर्णय, म्हणजे बासला किती तारा असाव्यात, सॅक्सोफोन कोणता असावा, ड्रम्सवर किती वाजवावे आणि गाताना आवाज किती चढवावा, हा त्या एका गोष्टीतून निघालेला आहे, असे माझे ठाम मत आहे.

बँडचा गायक, गीतकार आणि बासवादक मार्क सँडमन याचा जन्म १९५२ चा. म्हणजे मॉर्फिनचा पहिला अल्बम १९९२ मध्ये आला तेव्हा तो चाळिशीला टेकलेला होता, आणि त्या गाण्यांमधला पोक्तपणा काही अंशी या वयाचाही असावा. त्याआधी तो ट्रीट हर राइट नावाच्या ब्लूज-रॉक बँडमध्ये होता. त्या बँडमध्ये बासवादक नव्हता. सँडमन साधीच गिटार घेऊन तिचा स्वर एका उपकरणाच्या साहाय्याने सप्तकभर खाली उतरवायचा आणि बासची जागा भरून काढायचा. पुढे जे घडले त्याचे बीज या युक्तीत स्पष्ट दिसते. वाद्य जसे दुकानातून येते तसेच वाजवले पाहिजे, असे त्याने कधी मानले नाही आणि त्याचा कान आधीपासूनच खर्जाकडे ओढ घेत होता.

मॉर्फिनसाठी त्याने खरीखुरी बास हाती घेतली, पण नेहमीच्या चार तारांपैकी दोनच तारा ठेवल्या. या दोन तारा बहुतेकदा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर, तर कधी दोन्ही एकाच स्वरात लावलेल्या असत. वाजवताना तो बोटात स्लाइडची नळी घालून ती तारांवरून सरकवत असे. या एवढ्याशा बदलाने वाद्याचा स्वभावच पालटतो. एरवी बासवर बोट एका पडद्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवले की स्वर पायरीपायरीने बदलतो. स्लाइडमुळे मात्र तो एका स्वरातून घसरत दुसऱ्यात जातो आणि मधल्या श्रुतींनाही स्पर्श करतो. आपल्याकडच्या रसिकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, कारण मींड म्हणजे काय हे त्याच्या कानाला पक्के ठाऊक असते. शिवाय षड्ज आणि पंचम एकत्र वाजत सरकू लागले की खर्जाला एक भरीव, किंचित थरथरता पोत येतो. तिथे मध्यम, गांधार, धैवत असा कोणताही तपशील नसतो आणि त्यामुळे स्वरसंवाद (कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) मोठा (मेजर) की छोटा (मायनर), आनंदी की उदास, हे बास कधीच सांगून टाकत नाही. तो निर्णय गाणाऱ्या आवाजावर आणि सॅक्सोफोनवर सोडलेला असतो.

दोन तारांची मर्यादा हीसुद्धा इथे जमेचीच बाजू ठरली. चार तारांवर बोटे चालवणारा बासवादक मोकळ्या जागा दिसल्या की त्या भरायला जातो. हाताची सवयच तशी असते. सँडमनच्या वाद्यावर ती सोयच शिल्लक नव्हती. एक छोटा, चार-सहा स्वरांचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, घ्यायचा, तो न कंटाळता फिरवत राहायचा आणि प्रत्येक आवर्तनात घसरण थोडी लांबवायची किंवा आखडती घ्यायची, एवढेच करता येण्यासारखे होते. मॉर्फिनची बहुसंख्य गाणी अशा एकेका रिफवर उभी आहेत.

आता सॅक्सोफोनविषयी. डेना कॉली हा मुख्यतः बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवतो. रॉक संगीतात सॅक्सोफोन येतो तो सहसा बॅरिटोनपेक्षा वरच्या स्वरांचा टेनर किंवा आल्टो, आणि येतो तोही गाण्याच्या मध्यावर, आठ-सोळा मात्रांचा एकल तुकडा वाजवून निघून जाण्यासाठी. ज्या बँडांनी फुंकवाद्यांना कायमचे स्थान दिले, त्यांच्याकडेही ती समूहाने येतात. १९६७ मध्ये सुरू झालेल्या शिकागो आणि ब्लड, स्वेट अँड टिअर्स या दोन्ही बँडांमध्ये ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचा ताफा होता. त्या झळाळीला तोड नाही, पण तिच्या खाली गिटार आणि ऑर्गनचा पाया अढळ असतो. कॉलीच्या वाट्याला मात्र एकट्याने दोन कामे आली. गिटार जिथे ठेका धरून स्वरसंवाद वाजवते, ती जागाही त्याचीच आणि गायकाला उत्तर देणारी जागाही त्याचीच. काही वेळा तो बॅरिटोन आणि टेनर असे दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवतो. जॅझमध्ये राहसान रोलंड कर्क याने ही रीत गाजवली होती. प्रत्येक सॅक्सोफोनच्या वाट्याला एकच हात येत असल्यामुळे स्वर मोजकेच निघतात, परंतु मॉर्फिनच्या गाण्यांना मोजकेच स्वर हवे असतात आणि म्हणून हा प्रकार तिथे कसरत न वाटता गाण्याचाच भाग वाटतो.

या ठिकाणी थोडा तांत्रिक तपशील देणे मला आवश्यक वाटते, कारण बँडची खरी हुशारी त्यात आहे. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्‌झवर कंप पावते, गिटारची सर्वांत जाड तार त्याच्या दुप्पट म्हणजे सुमारे ८२ हर्ट्‌झवर. बॅरिटोन सॅक्सोफोनचा सर्वांत खालचा स्वर ६५ ते ७० हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणजे तो गिटारच्याही खाली उतरतो. त्यात सँडमनचा आवाजही खालचाच. थोडक्यात, बँडमधील तीन स्वरस्रोत एकाच खालच्या पट्ट्यात दाटीवाटीने उभे आहेत. संगीतसंयोजनाचा कोणताही शिक्षक हे पाहून हात वर करील. खालच्या सप्तकात दोन वाद्ये जवळजवळचे स्वर वाजवू लागली की आवाज गढूळ होतो आणि कोणाचेच धड ऐकू येत नाही. अरुंद बोळात दोन धिप्पाड माणसे समोरासमोर यावीत तशी गत होते.

मॉर्फिनच्या ध्वनिमुद्रणांत असे का होत नाही, याची माझ्या मते दोन कारणे आहेत. पहिले कारण ध्वनीच्या घडणीतले आहे. बासची तार, विशेषतः स्लाइडने वाजवलेली, गोलसर आणि मऊ असते. बॅरिटोनचा मूळ स्वर खाली असला तरी त्याच्या रीडमुळे (तोंडाशी कंप पावणाऱ्या पातळ पट्टीमुळे) वरच्या उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या सूक्ष्म स्वरांची, एक खरखरीत, करकरीत किनार त्याला मिळते. कान दोघांना या किनारीवरून वेगळे ओळखतो आणि ती किनार ऐकू यावी म्हणून वरचा प्रदेश मोकळा असणे गरजेचे आहे. तिथे गिटार असती तर ही सारी खरखर तिच्या खाली गाडली गेली असती. दुसरे कारण शिस्तीचे आहे. बास चालू असताना सॅक्सोफोन लांब स्वर धरतो किंवा थांबून राहतो. सॅक्सोफोन पुढे आला की बास आपल्या रिफवर स्थिर राहते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या जागेत शिरत नाही.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे १९९३ च्या ‘क्युअर फॉर पेन’ या अल्बमवरील ‘ब्वेना’ हे गाणे. अल्बमच्या आरंभी मिनिटभराहूनही लहान असा एक वाद्यांचा तुकडा आहे आणि तो विरला की बास एकटीच सुरू होते. रिफ अगदी साधा आहे, दोनदा ऐकला की गुणगुणता येतो, मात्र त्यातील घसरणीमुळे तो दर वेळी जमिनीवरून ओढत आणल्यासारखा वाटतो. ड्रम्स येतात, आवाज येतो, आणि सँडमन एखाद्या ओळखीच्या माणसाशी रात्री उशिरा बोलावे तशा सुरात पहिला अंतरा म्हणून जातो. इथवर ऐकताना कशाची उणीव आहे असे जाणवत नाही. मग ध्रुवपदाला बॅरिटोन फुटतो आणि आपण इतका वेळ किती मोकळ्या जागेत बसलो होतो, याचा उलगडा होतो. आवाज वाढवण्यासाठी इतर बँड गिटारचे थरावर थर चढवतात. इथे एका वाद्याने तोंड उघडले एवढेच घडते, तरी परिणाम कित्येक पटींनी मोठा होतो. हे गाणे मी वाद्यवृंदाचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला ऐकवीन.

जॅझच्या इतिहासात याच्याशी नाते सांगणारा एक प्रयोग आहे आणि त्यातही बॅरिटोन सॅक्सोफोनच आहे, हा योगायोग मला फार आवडतो. १९५२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जेरी मलिगन याने पियानो वगळून चौघांचा संच बांधला: त्याचा बॅरिटोन, चेट बेकरचा ट्रम्पेट, बास आणि ड्रम्स. स्वरसंवाद वाजवणारे वाद्यच नसल्यामुळे दोन फुंकवाद्यांना एकमेकांभोवती वेलीसारखे गुंफत जावे लागले आणि त्या गुंफणीतून स्वरसंवाद सूचित होत गेला. मॉर्फिनचा मार्ग वेगळा आहे, कारण तिथे गुंफण जवळजवळ नाहीच. तिथे रिफ आहे, हाक आहे आणि उत्तर आहे. म्हणूनच मॉर्फिनला ‘जॅझ-रॉक’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. त्यांची गाणी तीन-चार मिनिटांत संपतात, लांबलचक उत्स्फूर्त वादन त्यांत क्वचितच येते, आणि त्यांचा मूळ पिंड ब्लूजचा आहे. जॅझकडून त्यांनी घेतला तो ध्वनीचा रंग. ठेक्यात कधी फंक आहे, शब्दांच्या फेकीत १९५० च्या दशकातील अमेरिकेच्या बंडखोर बीट कवींची आठवण करून देणारे काहीतरी आहे, आणि उत्तरकाळातील काही गाण्यांत अरबी वळणाच्या स्वरावली आहेत. इतके सगळे प्रवाह एकत्र येऊनही गाणे कडबोळे होत नाही, कारण वाद्ये तीनच आहेत आणि प्रत्येक प्रवाहाला त्या तीन वाद्यांच्याच तोंडून बोलावे लागते. सँडमन स्वतः या संगीताला ‘लो रॉक’ म्हणत असे आणि मला तेच नाव पुरेसे वाटते.

ड्रम्सविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. जेरोम डुप्री हा बँडचा पहिला ड्रमवादक. ‘क्युअर फॉर पेन’चा बहुतांश भाग त्याने वाजवलेला आहे. प्रकृतीच्या कारणाने तो बाजूला झाला आणि ट्रीट हर राइटमधला सँडमनचा जुना सहकारी बिली कॉनवे त्याच्या जागी आला. डुप्रीच्या वादनात जॅझचा हलकेपणा आहे, कॉनवेचे वादन अधिक जमिनीला धरून असते. दोघांमध्ये समान गुण हा की झांजांचा मारा ते टाळतात. गिटार नसलेल्या बँडमध्ये वरच्या पट्ट्यात झांजा सोडल्या तर फारसे काही नसते. ड्रमवादकाने तिथे हात मोकळा सोडला असता तर सारी मोकळीक एका झणझणाटाने भरून गेली असती.

सँडमनच्या शब्दांतही हाच संयम आहे. ‘थर्सडे’ या गाण्यात एका विवाहित स्त्रीशी दर गुरुवारी होणाऱ्या भेटींची गोष्ट आहे. भेटी वाढतात, नवऱ्याला सुगावा लागतो आणि निवेदकाला गाव सोडावे लागते. एवढे मोठे कथानक तो कोणताही भावनिक गहिवर न आणता, घडलेले सांगावे तसे सांगतो आणि भीतीचे सगळे काम वाद्यांवर सोपवतो. आवाज न चढवता गाण्याची ही पद्धत मला विशेष मोलाची वाटते, कारण ‘क्युअर फॉर पेन’ आला तो काळ अमेरिकन रॉकमध्ये आरोळ्यांचा आणि गिटारच्या भिंतींचा होता. सिअ‍ॅटलच्या निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ १९९१ मध्ये येऊन गेला होता आणि सगळीकडे त्याचेच पडसाद उमटत होते.

अल्बमांचा क्रम थोडक्यात असा: ‘गुड’ १९९२, ‘क्युअर फॉर पेन’ १९९३, ‘येस’ १९९५, ‘लाइक स्विमिंग’ १९९७ आणि ‘द नाइट’ २०००. यांपैकी ‘येस’ सर्वांत वेगवान आणि अंगावर येणारा आहे. ‘लाइक स्विमिंग’ हा ड्रीमवर्क्स या मोठ्या कंपनीसाठी केलेला पहिला अल्बम, आणि तो ऐकताना मला प्रथमच असे वाटले की ही रीत थकत चालली आहे. रिफ आहेत, उत्तम वादन आहे, परंतु मोकळ्या जागा पूर्वीसारख्या बोलत नाहीत. सँडमनलाही हे जाणवत असावे, असे पुढच्या अल्बमवरून वाटते, कारण तिथे त्याने दारे उघडली. केंब्रिजमधील हाय-एन-ड्राय या स्वतःच्या स्टुडिओत त्याने तंतुवाद्ये आणली, स्त्रियांचे साथीचे आवाज आणले, उद हे अरबी तंतुवाद्य आणले आणि डुप्री व कॉनवे या दोघांनाही ड्रम्सवर बसवले.

३ जुलै १९९९ रोजी इटलीत, रोमजवळच्या पॅलेस्ट्रिना येथील कार्यक्रमात सँडमन मंचावरच हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला आणि त्याचे निधन झाले. तो ४६ वर्षांचा होता. ‘द नाइट’ त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाला. या अल्बमला अनेक जण केवळ त्याच्या मृत्यूच्या सावलीत ऐकतात. मला ते त्या संगीतावर अन्याय करणारे वाटते. ही गाणी करणारा माणूस निरोप घेत नव्हता, तर नवे काम सुरू करत होता. सात-आठ वर्षे जपलेल्या मोकळ्या जागेत किती माणसे आत घेता येतील आणि तरीही ती मोकळी राहील, याचा तो शोध होता, आणि शीर्षकगीतात तो पुष्कळसा साधलेला आहे. वाद्ये वाढली आहेत, पण मध्यभागी बास आणि बॅरिटोन अगदी पूर्वीसारखेच एकमेकांना जागा देत उभे आहेत. २००० मध्ये कॉली आणि कॉनवे यांनी मोठा संच जमवून ऑर्केस्ट्रा मॉर्फिन या नावाने ही गाणी मंचावर सादर केली. कॉनवे २०२१ मध्ये गेला. कॉली व्हेपर्स ऑफ मॉर्फिन या बँडमधून हे संगीत पुढेही वाजवत राहिला. दोन तारांची कल्पना मात्र आधीच दूर पोहोचली होती: द प्रेसिडेंट्स ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका या सिअ‍ॅटलच्या बँडचा ख्रिस बॅलू याने बोस्टनमध्ये सँडमनसोबत वाजवले होते आणि त्याचे दोन तारांचे वाद्य तिथूनच आलेले आहे. त्या बँडची खेळकर, उड्या मारणारी गाणी मॉर्फिनच्या शेजारी ठेवून ऐकली की एकाच युक्तीतून किती भिन्न संगीत निघू शकते हे कळते.

ज्यांना हे संगीत नव्याने ऐकायचे आहे त्यांना एक विनंती आहे. ते मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर ऐकू नये. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ निघतच नाहीत. आपला कान वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो खरा, पण मॉर्फिनचे सारे काम त्या मूळ स्वरांतच चालते आणि तेच गेले तर हाती केवळ खरखर आणि कुजबुज उरते. चांगले हेडफोन किंवा बऱ्यापैकी मोठे स्पीकर घ्यावेत आणि ‘क्युअर फॉर पेन’ सुरुवातीपासून, गाण्यांचा क्रम न मोडता ऐकावा. त्याच अल्बमवर ‘इन स्पाइट ऑफ मी’ हे एक छोटे गाणे आहे, ज्यात बास आणि बॅरिटोन बाजूला राहतात आणि मँडोलिनची नाजूक साथ पुढे येते. उरलेला अल्बम खालच्या सप्तकात ऐकून कान तिथे रुळलेला असल्यामुळे त्या गाण्यातील वरचे स्वर जितके उजळ लागतात, तितके ते गाणे वेगळे काढून ऐकले तर लागत नाहीत.